लिनक्स टाकलं की विंडोज उडतं?

हे कधीपासून ऐकतोय, पण साफ चुकीचं आहे. उबुंटूचा (लिनक्सचाच एक प्रकार) इन्स्टॉलर सरळ विचारतो, विंडोजच्या शेजारी टाकू का अख्खी डिस्क पुसू, आता घाईत दुसरं निवडून कोणी नेक्स्ट नेक्स्ट करत गेलं तर सगळं जाणारच ना, त्यात लिनक्सचा काय दोष! आधी विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह श्रिंक (लहान) करून 25 जीबी तरी मोकळे करा, फास्ट स्टार्टअप (विंडोज पूर्ण बंद न होता झटपट सुरू होण्याची सोय) बंद करा, आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा नाहीतर विंडोज दारातच अडवेल. बॅकअप घ्याच. नंतर कधीकधी विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसतं, तेव्हा लगेच 'बिघडलं' म्हणून ओरडू नका, लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) ठेवतं आणि विंडोज तीच आपली लोकल वेळ समजतं, एवढंच.