रुकार, नकार आणि मौन

संगणकावरून रेडिओला आज्ञा धाडली, स्क्रीनवर ‘ओके’ उमटलं, की काम फत्ते झालं असं समजणारे पुष्कळ आहेत. हौस म्हणून स्वतःच्या रेडिओवरून इतरांशी संपर्क साधणाऱ्यांमध्ये तर हा समज फारच पक्का असतो. प्रत्यक्षात त्या ‘ओके’चा अर्थ बराच मर्यादित आहे. तो नेमका किती, हे कळायला तारेवरून काय धावतं ते पाहावं लागतं.

यंत्राने आज्ञेला उत्तर द्यायचं ही पद्धत जुनी आहे. १९८१च्या हेज स्मार्टमॉडेमला (टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडणाऱ्या यंत्राला) ‘एटी’ने सुरू होणारी आज्ञा दिली की उत्तर यायचं, हवं तर शब्दांत, हवं तर आकड्यांत. ० म्हणजे ठीक, ३ म्हणजे वाहक लहर (समोरच्या मॉडेमचा सिग्नल) नाही, ४ म्हणजे चूक. पण मला सगळ्यांत देखणी वाटते ती आयकॉम या जपानी कंपनीच्या रेडिओंची सीआय-व्ही पद्धत.

समजा, आयसी-७३०० हा रेडिओ १४.०७४ मेगाहर्ट्झवर न्यायचा आहे. संगणक त्याला ११ बाइट पाठवतो:

एफई एफई ९४ ई० ०५ ०० ४० ०७ १४ ०० एफडी

हे आकडे सोळाच्या पायाचे आहेत, म्हणजे ९ नंतर ए ते एफ. दोन एफई ही ‘लक्ष दे’ अशी हाक. ९४ हा रेडिओचा पत्ता, ई० संगणकाचा. ०५ म्हणजे ‘वारंवारता बदल’. पुढचे पाच बाइट म्हणजे ती वारंवारता, आणि एफडी म्हणजे संदेश संपला. रेडिओला पटलं तर तो एफई एफई ई० ९४ एफबी एफडी असं उत्तर देतो. एफबी हा रुकार. नाही पटलं तर त्याच जागी एफए येतो, तो नकार.

आता ते मधले पाच बाइट निरखून पाहा. १४०७४००० हर्ट्झ ही संख्या दहा अंकी करायची: ००१४०७४०००. तिच्या जोड्या पाडायच्या आणि उलट्या क्रमाने पाठवायच्या. प्रत्येक बाइटमध्ये दोन साधे दशमान अंक बसतात, त्यामुळे वारंवारतेतला कुठलाही बाइट ९९च्या पुढे जाऊच शकत नाही. एफए, एफबी, एफडी, एफई हे सगळे त्या पलीकडचे. म्हणून वारंवारतेच्या आकड्यांत चुकून ‘संदेश संपला’ असा बाइट येण्याची शक्यताच उरत नाही. बाइटमधल्या २५६ शक्यतांपैकी इथे फक्त १०० वापरल्या जातात, आणि त्या काटकसर न करण्यातूनच ही निर्धोकता मिळते.

दुसरी गंमत तारेची. बोलणं आणि ऐकणं दोन्ही एकाच तारेवर चालतं. कोणी बोलत नसेल तेव्हा तारेवर व्होल्टेज असतं. शून्य पाठवायचा असेल तर यंत्र ते खाली ओढतं, एक पाठवायचा असेल तर सोडून देतं. दोघे एकदम बोलले तर खाली ओढणारा जिंकतो. प्रत्येक यंत्राला स्वतःचं बोलणंही परत ऐकू येत असल्यामुळे पाठवलेलं आणि ऐकलेलं जुळलं नाही, की टक्कर झाल्याचं लगेच कळतं. नवख्याने लिहिलेला प्रोग्राम मात्र हाच प्रतिध्वनी रेडिओचं उत्तर समजून बसतो. पत्त्यांचा क्रम पाहिला तर घोटाळा होत नाही: आपल्या संदेशात ९४ आधी असतो, उत्तरात ई० आधी.

एफबीचा अर्थ इतकाच की आज्ञा समजली आणि स्वीकारली. अँटेना जोडलेला आहे का, लहर खरोखर बाहेर पडते का, याबद्दल तो काहीच सांगत नाही. ठरलेल्या वारंवारतेवर रेडिओ गेला याची खात्री हवी असेल तर ०३ ही आज्ञा देऊन ती परत वाचून घ्यावी.

खरी कसोटी लागते ती उत्तर आलंच नाही तर. आज्ञा पोचलीच नाही, की आज्ञा पाळली गेली आणि पोच वाटेत हरवली? नुसत्या मौनावरून हे ठरवता येत नाही. म्हणून आज्ञा कशा शब्दांत दिली आहे याला महत्त्व येतं. ‘१४.०७४ वर जा’ ही आज्ञा दोनदा पोचली तरी बिघडत नाही. ‘एक पायरी वर जा’ दोनदा पोचली तर रेडिओ भलतीकडे जातो. शक्य तिथे पहिल्या प्रकारचीच आज्ञा द्यावी, असं माझं ठाम मत आहे.

अशा वेळी ‘यंत्राला लहर आली’ म्हणत तारा काढून घालणारे किंवा एखादी केबल अपशकुनी ठरवून बाजूला टाकणारे लोक आहेत. यंत्राला लहर येत नाही. दोन्हीकडचा बॉड रेट, म्हणजे संदेश धाडण्याचा वेग, जुळलेला नसतो, पत्ता चुकलेला असतो किंवा जोडणी सैल असते, आणि यातलं प्रत्येक कारण तपासता येतं.

एफएची उणीव ही की तो कारण सांगत नाही. आज्ञा अनोळखी होती की वारंवारता मर्यादेबाहेर, हे आपणच शोधायचं. केनवूड या दुसऱ्या कंपनीचे रेडिओ थोडं जास्त बोलतात: प्रश्नचिन्ह आलं तर आज्ञेत गडबड, ‘ई’ आलं तर तारेवर, ‘ओ’ आलं तर संदेश मिळाला पण त्यावरचं काम पुरं झालं नाही. मोबाइल जाळ्याच्या मॉडेममध्ये ‘एटी’च्याच आज्ञा आजही चालतात आणि तिथे चुकांना चक्क क्रमांक आहेत: १० म्हणजे सिम घातलेलं नाही, ११ म्हणजे सिमचा पिन हवा, ३० म्हणजे नेटवर्क सेवा नाही.