उडवणं वेगळं, आत न येऊ देणं वेगळं

‘कृष्णविवराने दीर्घिकेतला (म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या अफाट समूहातला) वायू गिळला, म्हणून तारे जन्मायचे थांबले.’ पणजीत दुर्बिणीच्या रांगेत उभं राहिलं की हे वाक्य हमखास कानावर पडतं. अहो, गिळायला आधी पोचायला तर हवं! एम 87 या दीर्घिकेमधलं कृष्णविवर सुमारे साडेसहा अब्ज सूर्यांइतकं जड, तरी त्याच्या गुरुत्वाची सत्ता हजारभर प्रकाशवर्षांच्या आतच. दीर्घिका पसरलीय लाखो प्रकाशवर्षं. दूरवर जे घडतं ते ओढीने नव्हे, तर आत पडणाऱ्या वायूतून सुटलेल्या ऊर्जेने. ताऱ्यांच्या पोटात चालणाऱ्या हायड्रोजनच्या संमीलनात वस्तुमानाचा जेमतेम 0.7 टक्के भाग ऊर्जा होतो. कृष्णविवराभोवती फिरत आत पडणाऱ्या वायूच्या तबकडीत साधारण 10 टक्के.

इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतं. खरी गल्लत पुढे आहे.

ही ऊर्जा दोन तऱ्हांनी काम करते. कृष्णविवराचं खाणं, म्हणजे आत पडणारा वायू, भरपूर असलं की तबकडी भगभगते, क्वेसार (दीर्घिकेचा अतितेजस्वी गाभा) दिसतो आणि प्रकाशाच्या रेट्याने वारे सुटतात. मार्कारियन 231 या दीर्घिकेत तारे घडवणारा थंड रेणवीय (रेणूंच्या रूपातला) वायूच सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने बाहेर निघालेला दिसतो. खाणं तुटपुंजं असलं की उजेड मंदावतो आणि ऊर्जा मुख्यतः कृष्णविवराजवळून वेगाने बाहेर फेकल्या जाणाऱ्या झोतांवाटे जाते. एकात उजेड, दुसऱ्यात रेडिओ लहरी, हा फरक किरकोळ. कोणत्या वायूवर काय होतं, ते पाहा.

ययाती दीर्घिकासमूहाच्या मध्यावर एनजीसी 1275 ही दीर्घिका आहे. सभोवती कोट्यवधी अंश तापलेला वायू. तो क्ष-किरण सोडत निवतो. हिशेबाने दरवर्षी शेकडो सूर्यांइतका वायू थंड होऊन मध्याकडे साचायला हवा. तेवढा साचत नाही, कारण झोत त्या वायूत प्रचंड बुडबुडे फुगवतात आणि निवण्याने गेलेली उष्णता बरीचशी भरून निघते. चंद्रा या अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणीने हे बुडबुडे आणि त्यांच्याभोवतीचे तरंगही टिपले आहेत. इथे दीर्घिका रिकामी होत नाही. उलट एनजीसी 1275 मध्ये थंड वायूचे लांबलचक तंतू आजही आहेत. तरीही नेमकं याच बुडबुड्यांचं चित्र लावून खाली लिहितात, ‘कृष्णविवराने वायू उडवून लावला’. माझं डोकं फिरतं ते इथे.

आपल्या गोव्यातल्या खाजन शेतीत (खाडीलगत बांध घालून केलेल्या शेतीत) शिरलेलं पाणी उपसणं निराळं आणि भरतीला मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणदाराची, दारं मिटणं निराळं. क्वेसारचा वारा उपसतो, झोत दार मिटून धरतात. मानस जशी भरतीच्या रेट्यानेच मिटते, तसंच इथेही: वायू निवून आत पडला की कृष्णविवराला खाणं मिळतं, झोत जोर धरतात, वायू पुन्हा तापतो, खाणं आटतं.

कृष्णविवराच्या ऊर्जेचा दीर्घिकेवर होणारा हा उलट परिणाम म्हणजे ‘फीडबॅक’. म्हणून नुसतं ‘फीडबॅक’ लिहून मोकळं होणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. कोणता, ते सांगा. दीर्घिकेत तारे घडणं बंद पाडायला वारा पुरतो का, यावर वाद आहे: सुटलेला बराच वायू मुक्तिवेग (दीर्घिकेच्या ओढीतून कायमचं सुटायला लागणारा वेग) न गाठता परत खाली येतो. आणि बाहेरचा वायू निवत राहिला तर एकदा उपसून भागत नाही, दार मिटलेलंच राहावं लागतं.

आणखी एक. ‘या क्वेसारच्या दीर्घिकेत तारे जन्मताहेत, म्हणजे परिणाम शून्य’ हा निष्कर्षही घाईचा. क्वेसारचा एकेक भडका लाखभर वर्षांतही विझू शकतो. ताऱ्यांची निर्मिती ओसरायला कोट्यवधी वर्षं लागतात.