रेलरोड टायकून आणि ट्रान्सपोर्ट टायकून: नावं जुळी, खेळ निराळे

‘तो संगणकावरचा जुना रेल्वेचा गेम, वरून नकाशा दिसायचा, रूळ टाकायचे, गाड्या सोडायच्या, पैसे यायचे...’ असं वर्णन कुणी केलं की मी आधी एकच प्रश्न विचारतो: त्यात विमानं होती का? होती म्हटलं, तर तो ट्रान्सपोर्ट टायकून. विमानं नव्हती, पण व्हँडरबिल्ट नावाचा कुणीतरी आपले शेअर गिळायला टपलेला असायचा असं आठवत असेल, तर तो रेलरोड टायकून.

गल्लत होणं साहजिक आहे. दोघांच्या नावात टायकून, दोन्ही मायक्रोप्रोझ कंपनीचे, दोघांत अंतर फक्त चार वर्षांचं. रेलरोड टायकून 1990 चा, सिड मायर आणि ब्रूस शेली यांचा. ट्रान्सपोर्ट टायकून 1994 चा, क्रिस सॉयरचा, आणि तो त्याने जवळजवळ सगळा असेंब्ली भाषेत, म्हणजे प्रोसेसरच्या थेट सूचनांत, लिहिला. पण एकाच्या आठवणीने दुसरा उतरवून घेतला, की तासाभरात माणूस हिरमुसतो. कारण रूळ दोन्हीकडे असले तरी खेळायचं काय, ते पार वेगळं आहे.

रेलरोड टायकूनमध्ये तुम्ही कंपनीचे अध्यक्ष असता. हाती दहा लाख डॉलर येतात, पण त्यातले निम्मे भागधारकांचे आणि निम्मे कर्जरोख्यांचे. म्हणजे पहिला रूळ पडण्याआधीच व्याज सुरू. दर दोन वर्षांनी हिशेबाची पानं उघडतात आणि शेअरचा भाव वर गेला की खाली आला ते कळतं. मंदी येते, तेजी येते. तेजीत रोखे काढायचे आणि मंदीत हात आखडायचा, हे न शिकलेला माणूस इथे टिकत नाही. प्रतिस्पर्धी तुमचे शेअर गोळा करत असतात; निम्म्याहून जास्त त्यांच्या हातात गेले की कंपनी गेली. हेच तुम्हालाही करता येतं. दुसऱ्याची कंपनी ताब्यात आली की तिची तिजोरीही तुमच्या शब्दावर चालते. शिवाय तुमच्या शहरात प्रतिस्पर्ध्याने स्टेशन आणलं की दरयुद्ध, म्हणजे भाड्याच्या दरांची चढाओढ, पेटतं, आणि हरणाऱ्याला त्या शहरातून बाहेर पडावं लागतं.

ट्रान्सपोर्ट टायकूनमध्येही सुरुवात कर्जानेच होते, एक लाख पौंडांच्या. दुसऱ्या कंपन्यांचे शेअर तिथेही विकत घेता येतात. पण कोळशाच्या दोन चांगल्या गाड्या लागल्या की कर्ज फिटतं, आणि आणखी काही वर्षांत पैसा हा प्रश्नच उरत नाही. पुष्कळ जण याला उणीव म्हणतात. मला ते पटत नाही, कारण पैशाची काळजी संपते तिथेच या गेमचा खरा विषय सुरू होतो: वाहतुकीचं जाळं.

त्याची चव घ्यायची तर एक सिग्नल बघा. दोन सिग्नलांमधला रुळाचा तुकडा म्हणजे ब्लॉक, आणि एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. नियम एवढाच. मूळ गेममध्ये सिग्नल दोन्ही दिशांना लागू असत, त्यामुळे एकाच रुळावर समोरासमोर आलेल्या दोन गाड्या लाल सिग्नलपाशी एकमेकींकडे बघत खिळून राहायच्या. 1995 च्या डीलक्स आवृत्तीत एकाच दिशेचा सिग्नल आला आणि जाण्याचा रूळ, येण्याचा रूळ असे वेगळे करता आले. मग एकाच स्टेशनात पाच दिशांनी गाड्या आणायच्या कशा, जंक्शनवर कुणीच न थांबता सगळ्यांनी वळायचं कसं, यात लोकांच्या रात्री गेल्या. अजून जातात.

सिग्नल रेलरोड टायकूनमध्येही आहेत, पण माझं तिथलं डोकं त्यात कधी गुंतलं नाही. ते गुंतलं डब्यांत. माझ्या मते दोन्ही खेळांतला सगळ्यात मोठा फरक इथेच आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

ट्रान्सपोर्ट टायकूनमध्ये डबे डेपोतून विकत घ्यायचे आणि इंजिनाला जोडायचे. ते तसेच राहतात. कोळशाची गाडी वीज केंद्रात रिकामी झाली की रिकामीच खाणीकडे परतते. रेलरोड टायकूनमध्ये मात्र प्रत्येक स्टेशनवर कोणते डबे लावायचे हे तुम्ही सांगता. खाणीपाशी कोळशाचे डबे लावा. पोलाद कारखान्याच्या गावात ते सोडा, पोलादाचे लावा. पुढच्या गावातल्या फॅक्टरीत पोलाद उतरवून तयार माल भरा आणि मोठ्या शहरात विका. एकाच इंजिनाने एका फेरीत तीन धंदे केले! त्यात डबे वाढवले की गाडी मंदावते, चढावर तर जास्तच, आणि टपाल उशिरा पोचलं की त्याचे पैसे कमी मिळतात. म्हणून आठ डब्यांची मुभा असली तरी चार लावायचे की तीन, यावर मी खेळ थांबवून विचार करत बसतो. गाड्या जास्तीत जास्त 32. त्यामुळे एकही गाडी फुकट घालवून चालत नाही, आणि प्रत्येक गाडीची ओळख होते.

पुलाचंही तसंच. नदी आली की लाकडी, पोलादी की दगडी, असा प्रश्न पडतो. लाकडी स्वस्त असतो, पण पुरात वाहून जातो. तो वाहून गेल्याची बातमी येते तेव्हा नेमकी सगळ्यात कमाऊ गाडी त्या वाटेवर असते, आणि आता धावपळ करून तिला थांबवायचं असतं. तिथे वाचवलेले पैसे आपल्याला आठवतात. ट्रान्सपोर्ट टायकूनमध्ये पूल निवडताना गाडीचा वेग बघायचा असतो. तिथे नदी कुणाचं वैर धरत नाही.

काळही दोघांत वेगळा वागतो. रेलरोड टायकून शंभर वर्षांत आटोपतो, तुम्ही निवृत्त होता आणि आयुष्यभराच्या कर्तृत्वावरून पुढे काय झालात ते सांगितलं जातं. दुसऱ्यात वर्षं मोजली जातात, पण जाळं वाढतच राहतं.

म्हणूनच दोघांचं पुढचं आयुष्यही वेगळं झालं. ट्रान्सपोर्ट टायकूनवरून लुडविग स्ट्रिगेअसने 2004 मध्ये ओपनटीटीडी हा मुक्त, म्हणजे कुणालाही बदलता येईल असा, अवतार आणला आणि नंतर जगभरच्या हौशी लोकांनी तो वाढवला. मूळ नकाशा 256 बाय 256 चौकोनांचा, आता 4096 बाय 4096 पर्यंत जातो. जाळं हाच विषय असल्याने तो खेळ असा ताणता येतो. रेलरोड टायकूनचे मात्र नवे भाग निघाले. 1998 च्या दुसऱ्या भागाने शेअर बाजार आणखी रंगवला, अध्यक्षाचा खिसा कंपनीच्या तिजोरीपासून वेगळा केला. 2003 च्या तिसऱ्या भागात माल भावाच्या ओढीने आपणहून सरकू लागला. दोन्ही चांगले आहेत. तरी मी परत जातो तो 1990 च्याच गेमकडे, कारण टंचाई तिथेच खरी वाटते.

तुम्हाला जंक्शनं रचायची असतील तर ओपनटीटीडी घ्या, तो फुकट आहे आणि आजच्या संगणकावर सहज चालतो. रेलरोड टायकून पहिल्यांदाच खेळणार असाल, तर नदीच्या एकाच काठावरची दोन मोठी शहरं शोधा आणि पहिला रूळ त्यांच्यामध्ये टाका. पूल नंतर बांधा, दगडी परवडेल तेव्हा.