उंटाच्या तोंडी प्यादं

पांढऱ्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं, ई४. काळ्यानं लगेच बी५ खेळून आपलं प्यादं उंटाच्या तोंडी दिलं. अँटीचेस या बुद्धिबळाच्या उलट्या प्रकारात मारता येत असेल तर मारावंच लागतं, म्हणून उंटानं ते खाल्लं आणि पांढरा हरला! डाव संपायला बऱ्याच चाली बाकी असतात, पण निकाल ठरलेला असतो, कारण या प्रकारात ज्याचे सगळे मोहरे आधी संपतात तो जिंकतो. तेच प्यादं एकच घर सरकवलं, ई३, तर पांढऱ्याचा विजय पक्का. मार्क वॉटकिन्स या गणितज्ञानं २०१६मध्ये संगणकाच्या मदतीनं ते सिद्धच केलं. नेहमीच्या बुद्धिबळाबद्दल असं छातीठोक विधान अजून कुणालाही करता आलेलं नाही. सक्तीच्या मारामारीत पर्याय पटापट कमी होतात, हा अँटीचेसचा फायदा.

इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा संगणक-प्रोग्रॅम, दोन कामं करतं. पुढच्या चालींच्या शक्यता तपासतं आणि शेवटी समोर आलेली स्थिती कुणाला किती चांगली, ते आकड्यात सांगतं. नवे नियम आले की पहिलं काम तसं सोपं. फेअरी-स्टॉकफिश या मुक्त इंजिनात तर अनेक नवे प्रकार साध्या मजकुराच्या फाइलमध्ये नियम लिहून देता येतात, प्रोग्रॅमिंग न करता. गोची होते ती दुसऱ्या कामात. वजीर म्हणजे साधारण नऊ प्यादी, हा हिशेब अँटीचेसमध्ये कुचकामी.

चाली तपासण्याचा वेळ वाचवण्याच्या युक्त्याही दगा देतात. ‘समज, मी चालच खेळलो नाही, तरीही माझं बरं चाललंय का?’ असं इंजिन स्वतःला विचारतं. उत्तर ‘हो’ आलं की शक्यतांची ती फांदी तिथंच छाटतं. जिथं चाल खेळावी लागणं हेच संकट असतं, तिथं ही छाटणी चुकते.

अ‍ॅटॉमिक बुद्धिबळाचं वेगळंच. इथं मारलं की स्फोट होतो: मारणारा, मेलेला आणि भोवतीच्या आठ घरांतले प्यादी सोडून सगळे मोहरे उडतात. पांढऱ्याचा घोडा जी५वर पोचला की एफ७चं प्यादं मारून शेजारच्या काळ्या राजालाच उडवण्याची धमकी! घोड्याची किंमत इथं बुद्धिबळाच्या पुस्तकातून कशी काढणार?

म्हणून आता किंमत सांगण्याचं काम न्यूरल नेटवर्ककडे, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकी जाळ्याकडे, दिलं जातं. त्यासाठीची ‘एनएनयूई’ ही पद्धत मुळात शोगी या जपानी बुद्धिबळासाठी यू नासू यांनी २०१८मध्ये मांडली. स्टॉकफिशनं ती २०२०मध्ये घेतली. म्हणजे बुद्धिबळाच्या सर्वांत बलाढ्य इंजिनाला दृष्टी दिली ती त्याच्या चुलत खेळानं, हे मला फार गमतीचं वाटतं. इंजिन स्वतःशीच असंख्य झटपट डाव खेळतं, त्यातल्या स्थिती आणि निकालांवर जाळं शिकतं, मग त्या सुधारलेल्या इंजिनाकडून पुन्हा डाव खेळवून घेतात.

२०२०मध्येच गूगलच्या डीपमाइंड या कंपनीनं माजी विश्वविजेते व्लादिमीर क्रामनिक यांच्यासोबत अल्फाझीरो या आपल्या स्वतःशीच खेळून शिकणाऱ्या प्रोग्रॅमला नऊ बदललेल्या नियमांचं बुद्धिबळ शिकवलं. कॅसलिंगवर बंदी, स्वतःचाच मोहरा मारण्याची मुभा, वगैरे. नवा नियम माणसांनी वर्षानुवर्षं खेळून पाहण्याआधीच त्याची चव कळावी, हा हेतू.

विश्लेषणात दिसणारा आकडा मात्र जपून वाचावा. अ‍ॅटॉमिकमधला ‘अधिक दोन’ म्हणजे दोन प्यादी जास्त असं नव्हे. तो फक्त पारडं कुणीकडे झुकलंय ते सांगतो. आणि ज्या प्रकाराचं जाळं अजून कच्चं आहे, तिथं तेवढाही भरवसा नको.