प्रोस्टेटचं ऑपरेशन ठरलंय? आधी गोळ्यांच्या पट्ट्या काउंटरवर ठेवा

ऑपरेशनची चिठ्ठी घेऊन आमच्या औषधाच्या दुकानात आलेल्या काकांना आम्ही विचारतो, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?" उत्तर ठरलेलं: "छे, बीपीची आणि कोलेस्टेरॉलची, बस." मग पिशवी उघडते. कोलेस्टेरॉलच्या त्याच कॅप्सूलच्या पट्टीमागे बारीक अक्षरांत छापलेलं असतं: अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल. तिन्ही औषधं एकाच कॅप्सूलमध्ये! त्यातली शेवटची दोन रक्त गोठू न देणारी. म्हणून सगळ्या पट्ट्या आणा, अर्धवट कापलेल्याही. नावं आणि मिलिग्रॅम आम्ही कागदावर उतरवून देऊ, तो सर्जनना दाखवा. गुडघ्यासाठी अधूनमधून घेता ती डायक्लोफेनॅकही त्यात धरा. तिनेही रक्तस्राव वाढतो.

रक्त पातळ करणारी गोळी किती दिवस आधी थांबवायची, हे औषधावर अवलंबून. क्लोपिडोग्रेल साधारण ५ ते ७ दिवस, कारण तिने निकामी केलेल्या प्लेटलेट्स सुधारत नाहीत, शरीराला नव्या तयार कराव्या लागतात. वॉर्फरिन साधारण ५ दिवस, शिवाय ऑपरेशनआधी आयएनआरची (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची) तपासणी. अ‍ॅपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन बहुधा २-३ दिवस; डॅबिगॅट्रानला किडनी कमजोर असेल तर जास्त. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवलेल्यांची ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन मात्र पुष्कळदा चालूच ठेवतात.

हे आकडे फक्त अंदाजासाठी. तुमची तारीख सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतील. शेजारच्यांनी आठवडाभर बंद ठेवली म्हणून आपणही ठेवायची नाही. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर हार्ट अटॅक येतो. त्यापुढे लघवीचा त्रास किरकोळ. स्टेंट नवा असेल तर ऑपरेशन काही महिने पुढेही ढकलतात. गोळ्या थांबवणं धोक्याचंच असेल, तर लेसरने करता येईल का ते विचारा, त्यात रक्त कमी जातं.

घरी सोडताना एक प्रश्न विसरू नका: गोळी परत कोणत्या तारखेला सुरू करायची? डिस्चार्ज कार्डावर लिहूनच घ्या. आतली खपली साधारण १० ते १४ दिवसांनी सुटते, तेव्हा लघवी पुन्हा लालसर होऊ शकते. डॉक्टरांची मनाई नसेल तर पाणी भरपूर प्या, जड उचलू नका, शौचाला जोर करू नका. पण लघवी गडद लाल झाली, गाठी पडू लागल्या किंवा लघवी तुंबली, तर आमच्याकडे नको, रात्र असली तरी थेट हॉस्पिटल गाठा.