काल्पनिक जगासाठी प्लेट टेक्टॉनिक्सची आखणी

कथेसाठी, खेळासाठी किंवा नुसत्या आवडीसाठी एक अख्खं जग मनाने रचायचं आणि त्याचा नकाशा काढायचा हा छंद जगभर बऱ्याच जणांना आहे. त्यातले काही जण खंडांचे किनारे हाताला येतील तसे काढत नाहीत, आधी त्या जगाच्या प्लेट्स, म्हणजे वरच्या कठीण थराचे सरकणारे मोठे तुकडे, ठरवतात, त्या कोट्यवधी वर्षं कशा सरकत गेल्या ते मांडतात आणि मग डोंगर, खचदऱ्या, ज्वालामुखी, बेटं कुठे असणार ते त्यातून काढतात. ही नोंद त्या कामाबद्दल आहे. पुस्तकी मराठीत भूपट्ट असा शब्द आहे पण बोलताना सगळे प्लेटच म्हणतात म्हणून इथेही तेच ठेवलंय.

एवढा खटाटोप कशाला, तर पृथ्वीवरची डोंगररांग कुठेही सहज उगवलेली नसते, तिच्यामागे एक घडलेली गोष्ट असते. नकाशात डोंगर आधी काढला आणि प्लेट नंतर त्याच्याखाली सरकवली तर तो डोंगर सजावटीसारखा दिसतो. उलट आधी हालचाल ठरवली की डोंगर तर मिळतोच, पण सोबत त्याचं वय, त्याचा दगड, त्याच्या नद्यांची दिशा हे सगळं न मागता मिळतं. माझ्या मते या छंदाचा खरा आनंद इथेच आहे.

पाया कुठून आला

१९१२ साली जर्मन हवामानतज्ञ आल्फ्रेड वेगेनरने खंड सरकतात असं मांडलं. त्याच्याकडे पुरावे होते पण खंडांना सरकवतं कोण याचं पटेल असं उत्तर नव्हतं, त्यामुळे बहुतेकांनी ते मानलं नाही आणि १९३० साली ग्रीनलंडच्या मोहिमेत तो वारला. पुढे मेरी थार्पने ब्रूस हीझनबरोबर समुद्रतळाचे नकाशे काढले, अटलांटिकच्या मधोमध जाणाऱ्या रांगेत खोल दरी आहे हे तिच्या लक्षात आलं. १९६२ साली हॅरी हेसने समुद्रतळ पसरतो ही कल्पना मांडली, १९६३ साली व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी तळावरच्या चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावला, १९६५ साली टुझो विल्सनने प्लेट्स एकमेकींना घासून सरकतात त्या भेगांचा उलगडा केला. म्हणजे आज आपण घरी बसून ज्या नियमांनी नकाशे काढतो ते नियम पुरते सत्तर वर्षांचेही नाहीत.

वेगेनरचा एक पुरावा तर नकाशा काढणाऱ्यांनी जरूर उचलावा. ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडाची जीवाश्म पानं भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका अशा सगळीकडे सापडतात कारण हे सगळे भूभाग एकेकाळी चिकटलेले होते, त्या एकत्र भूभागाचं गोंडवन हे नाव आपल्या मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून पडलंय आणि चंद्रपूर भागातला कोळसा त्याच काळातल्या खडकांमध्ये आहे. आता काल्पनिक जगात महासागराच्या दोन काठांवर दोन राज्यं आहेत, एकमेकांची भाषा कळत नाही, पण दोघांच्या खाणीत सारखाच कोळसा आणि त्यात सारखंच पान. कथा लिहिणाऱ्याला यापेक्षा जास्त काय हवं!

गोल आणि कागद

पहिली अडचण येते ती सपाट कागदाची. प्लेट गोलावर सरकते आणि गोलावर कुठलीही सरक म्हणजे एका अक्षाभोवतीचं फिरणं असतं, हे गणितज्ञ ऑयलरचं गणित आहे, म्हणून त्या अक्षाच्या टोकाला ऑयलर पोल म्हणतात. कलिंगडावर सालीचा एक तुकडा ठेवून फिरवून बघा, फिरण्याच्या टोकाजवळचा भाग जवळजवळ जागेवरच राहतो आणि टोकापासून ९० अंशांवरचा भाग सगळ्यात जास्त सरकतो. त्यामुळे एकाच प्लेटच्या सगळ्या भागांना एकच वेग द्यायचा नसतो, आणि एकच भेग एका टोकाला जेमतेम उघडलेली आणि दुसऱ्या टोकाला समुद्र झालेली असू शकते. कागदावर बाण काढून हे जमत नाही, ध्रुवाजवळ तर सगळंच फसतं कारण आयताकृती नकाशात ध्रुवाकडचा छोटासा तुकडा अख्ख्या खंडाएवढा दिसतो.

यासाठी जीप्लेट्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, सिडनी युनिव्हर्सिटीच्या अर्थबाइट गटाने इतर संस्थांबरोबर ते बनवलंय. बनवलं भूशास्त्रज्ञांनी, पृथ्वीच्या जुन्या हालचाली मांडायला, पण छंदवाल्यांनी ते मनापासून स्वीकारलं कारण त्यात गोलावर खंड काढता येतो, कुठल्या वर्षी कुठे होता ते नोंदवता येतं आणि मग काळाची पट्टी सरकवून अख्खं जग हलताना बघता येतं. शिकायला कटकटीचं आहे हे खरं. ज्यांना ते नको त्यांनी एक साधा चेंडू आणि खडू घ्यावा, सुरुवातीला तेवढं पुरतं.

कडांवर काय होतं

दोन प्लेट लांब गेल्या की मधून नवा तळ बनतो, समुद्रात उंचवट्याची रांग तयार होते आणि जमिनीवर आधी खचदरी पडते. दोन प्लेट जवळ आल्या की काय होणार हे कवच कुठलं आहे त्यावर ठरतं. समुद्री कवच साधारण ७ किमी जाड आणि जड, खंडाचं सरासरी ३५ ते ४० किमी जाड आणि हलकं, त्यामुळे समुद्री कवच खाली जातं, तिथे गर्ता, म्हणजे समुद्रतळात लांब खोल चर, पडते आणि खाली गेलेली प्लेट साधारण १०० किमी खोलीवर पोचली की तिच्यातल्या पाण्यामुळे वरचा खडक वितळायला लागतो. म्हणून ज्वालामुखी गर्तेवर येत नाहीत, गर्तेपासून शे-दोनशे किमी किंवा त्याहून आत, वरच्या प्लेटवर, ओळीने येतात. अँडीज तसाच, आणि आपल्या अंदमानजवळचं बॅरन बेटही त्याच प्रकारातलं. दोन्हीकडे खंडाचं कवच असेल तर कुणीच नीट खाली जात नाही, जमीन घडी पडून वर येते, तो हिमालय. हिमालयात ज्वालामुखींची रांग नाही हे नवशिक्यांच्या लक्षात राहत नाही आणि ते प्रत्येक उंच रांगेवर धुराचं चिन्ह काढून मोकळे होतात.

नुसत्या घासणाऱ्या प्लेट्स, जशा कॅलिफोर्नियात, तिथे भूकंप भरपूर पण ज्वालामुखी सहसा नाहीत.

भेग पडताना बऱ्याचदा तीन फाटे फुटतात, त्यातले दोन समुद्र होतात आणि तिसरा अर्धवट राहतो. आफ्रिकेच्या अफार भागात हे आज चालू आहे, तांबडा समुद्र आणि एडनचं आखात हे दोन फाटे पाण्याने भरले, तिसरा पूर्व आफ्रिकेच्या खचदरीच्या रूपाने अजून जमिनीवरच आहे. असे अर्धवट फाटे नकाशात टाकायलाच पाहिजेत, कारण मोठ्या नद्यांना ते आयते रस्ते मिळतात.

वेगाचा हिशोब

इथे गणित सोपं आहे, वर्षाला १ सेंमी म्हणजे १० लाख वर्षांत १० किमी आणि १ कोटी वर्षांत १०० किमी. नखं वाढतात साधारण त्या वेगाने, वर्षाला अडीच-तीन सेंमी धरलं तर १८ कोटी वर्षांत साडेचार ते साडेपाच हजार किमी रुंद समुद्र होतो, मधला अटलांटिक साधारण तेवढाच आहे. वरच्या टोकाला आपली भारतीय प्लेट आहे, आशियाला धडकण्याआधी ती एका काळात वर्षाला १५ सेंमीच्याही पुढे गेली होती, साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी टक्कर सुरू झाली आणि मग वेग उतरला, आता तो ५ सेंमीच्या आसपास आहे. आपल्या जगात कुणाला १५ च्या वर पळवायचं असेल तर तसं सबळ कारण हवं.

दुसरा हिशोब जास्त महत्त्वाचा आणि जास्त वेळा चुकतो. ग्रहाचा आकार वाढत नाही, म्हणजे जेवढा तळ नवा बनतो तेवढा कुठेतरी खाली गेलाच पाहिजे. सगळे खंड एकमेकांपासून लांब पळतायत आणि गर्ता कुठेच नाही असे नकाशे पुष्कळ दिसतात. याच कारणाने समुद्राचा तळ तरुण असतो, पृथ्वीवर महासागरांचा बहुतेक तळ २० कोटी वर्षांपेक्षा नवा आहे, तर खंडावर ४०० कोटी वर्षं जुने खडकही सापडतात.

सह्याद्री टक्करीतून झालेला नाही

हा मुद्दा मी मुद्दाम लांबवतोय कारण डोंगर म्हणजे टक्कर हे समीकरण डोक्यात इतकं घट्ट बसलेलं असतं की किनाऱ्याला समांतर रांग दिसली की माणूस तिथे गर्ता काढतो. आपला सह्याद्री किनाऱ्याला समांतर आहे, अगदी लांबच लांब आहे, आणि त्याच्या पश्चिमेला गर्ता नाही. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी, भारत आज जिथे रीयुनियन बेट आहे त्या हॉटस्पॉटवरून, म्हणजे खोलातून तापलेला खडक वर येतो त्या जागेवरून, जात होता तेव्हा, जमिनीच्या भेगांमधून थरावर थर लाव्हा आला, त्याचाच हा काळा कातळ, महाबळेश्वरच्या बाजूला त्याची जाडी किलोमीटरच्या वर जाते. त्यानंतर सेशेल्सचा तुकडा भारतापासून तुटून लांब गेला, मधे समुद्र झाला आणि तुटलेली कड वर उचललेली राहिली. ती झिजत झिजत आत सरकली, तिच्यापुढे कोकणाची चिंचोळी पट्टी उरली आणि मागे दख्खनचं पठार पूर्वेकडे हळूहळू उतरत गेलं. घाटात उभं राहिलं की कड्यांवर आडव्या पायऱ्या दिसतात ते हेच लाव्हाचे थर, त्यांना घड्या पडलेल्या नाहीत, टक्कर असती तर पडल्या असत्या.

आणि मग नद्या बघा. गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावते, अरबी समुद्र तिथून जेमतेम शंभर किमीच्या आत, तरी ती त्याच्याकडे पाठ करून साधारण १४६५ किमी जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. नर्मदा आणि तापी मात्र पश्चिमेला जातात कारण त्या खचलेल्या पट्ट्यांतून वाहतात. हॉटस्पॉट जागेवर राहिला आणि प्लेट उत्तरेला गेली, त्याची खूण म्हणून लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस, रीयुनियन अशी ओळ राहिली, जितकं दक्षिणेला जाल तितकं तरुण. एवढं एकच उदाहरण नीट समजलं तर काल्पनिक जगात किनाऱ्याचा कडा, त्याच्या पायथ्याची पावसाळी पट्टी, मागचं कोरडं पठार आणि समुद्रातली बेटांची ओळ असं सगळं एकाच कारणातून उभं करता येतं.

प्लेटच्या आतल्या भागात काहीच होत नाही हाही गैरसमज आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा, दोन्ही प्लेटच्या कडेपासून शेकडो किमी आत झाले. कोयनेत धरणातल्या पाण्याचा संबंध मानला जातो. म्हणून नकाशात आतल्या राज्यांना पूर्ण सुरक्षित समजू नये.

किती मागे जायचं

यावर लोकांचं एकमत नाही. काही जण एक मोठा महाखंड घेतात, तो फोडतात आणि २०-२५ कोटी वर्षं पुढे नेतात, पृथ्वीवर पँजिया फुटायला लागल्यापासून आजपर्यंत साधारण तेवढाच काळ झालाय. मला हेच योग्य वाटतं, कारण समुद्रतळ त्यापेक्षा जुना जवळजवळ शिल्लकच नसतो. फक्त महाखंडात आधीच्या टक्करींचे जुने, झिजलेले डोंगर टाकायला विसरू नये, युरल जसा युरेशियाच्या आत किंवा अरवली जशी राजस्थानात. खंड फोडताना जोड किनाऱ्यावर जुळवू नये, समुद्राखालच्या उथळ मंचाच्या कडेवर जुळवावा, कारण किनारा समुद्राच्या पातळीबरोबर मागेपुढे होत राहतो. भेगही शक्यतो जुन्या जोडावरूनच पाडावी, तिथे कवच आधीच कमकुवत असतं.

हिशोब पूर्ण झाला की वारे, प्रवाह आणि पाऊस यांचं काम सुरू होतं, आणि तिथे बऱ्याचदा मागे फिरावं लागतं, कारण एखादी रांग थोडी उत्तरेला सरकली की अख्ख्या खंडाचा पाऊस बदलतो आणि आधी जिथे शेती ठरवली होती तिथे वाळवंट येतं. अशा वेळी खंड हाताने उचलून हलवायचा मोह होतो. तसं न करता मागच्या कुठल्या तरी टप्प्यावर जाऊन ऑयलर पोल थोडा बदलावा आणि तिथून पुढचं सगळं पुन्हा चालवावं, वेळ जातो पण किनारे, गर्ता आणि बेटांच्या ओळी एकमेकांशी जुळलेल्या राहतात.