डावी बाजू हरवते तेव्हा : लकव्यानंतरचा निग्लेक्ट आणि व्हीआर हेडसेट

लकवा झालेल्या माणसाला बघायला गेलं की आपण सगळे हातापायाचंच विचारतो, हात उचलतो का, चालता येतं का, बोलणं स्पष्ट आहे का. पण हा झटका, म्हणजे स्ट्रोक, मेंदूच्या उजव्या बाजूला आला असेल तर बऱ्याचदा अजून एक गोष्ट झालेली असते, जिच्याबद्दल कोणी विचारत नाही आणि पेशंट स्वतः तर सांगूच शकत नाही. त्याच्यासाठी जगाची डावी बाजूच उरलेली नसते. याला स्पेशियल निग्लेक्ट म्हणतात.

आमच्या शेजारच्या आबांचं सांगते. ताट पुढे आलं की ते उजवीकडची भाजी आणि आमटी खायचे, मधल्या भाताचा उजवा अर्धा भाग खायचे, आणि डावीकडचं मीठ, लिंबाची फोड, खोबऱ्याची चटणी, कोशिंबीर जशीच्या तशी. काकींना वाटलं तोंडाची चव गेली असेल. मग एकदा सुनेने ताट उचलताना सहज फिरवून परत ठेवलं तर आबांनी राहिलेलं सगळं खाल्लं आणि वर विचारलं, "ह्या आधी कित्याक नाय वाढलंस?" दाढी केली तर उजव्या गालाचीच, डाव्या खांद्याला दरवाजाची चौकट लागायची, डावीकडून हाक मारली तर मान उजवीकडे वळायची. घरात कोणी म्हणालं हट्टी झालेत, कोणी म्हणालं मोतीबिंदू असणार, कोणी देवाला गाऱ्हाणं घालून आलं. आणि आबांचं आपलं एकच, "माका काय झाला नाय."

डोळ्यांचा इथे दोष नाहीये, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. स्ट्रोकमध्ये नजरेचा अर्धा भाग खरंच जाऊ शकतो, पण त्या माणसाला काहीतरी दिसत नाहीये हे हळूहळू कळतं आणि तो मान वळवून बघायला शिकतो. निग्लेक्टमध्ये डोळे बघतात पण लक्षच तिकडे जात नाही, आणि जात नाही हेही कळत नाही. सर्वात जास्त मानली जाणारी थिअरी अशी की मेंदूची डावी बाजू मुख्यतः उजवीकडच्या जगाकडे लक्ष देते, पण उजवी बाजू दोन्हीकडे देते. म्हणून डाव्या मेंदूला इजा झाली तर उजवा बऱ्यापैकी सांभाळून घेतो, पण उजव्याला झाली तर डावीकडे बघणारं कोणी राहत नाही.

हे किती खोलवर जातं ते १९७८ च्या एका प्रयोगात दिसलं. इटलीत बिसियाक आणि लुझाती या दोघांनी मिलानमधल्या पेशंटना सांगितलं की डोळ्यासमोर आणा, तुम्ही शहरातल्या कॅथेड्रलसमोरच्या मोठ्या चौकात उभे आहात, काय काय दिसतं ते सांगा. त्यांनी उजवीकडच्याच इमारती सांगितल्या. मग म्हणाले, आता चौकाच्या समोरच्या टोकाला, उलट दिशेला तोंड करून उभे आहात असं समजा, तर आधी राहून गेलेल्या इमारती आल्या आणि आधी सांगितलेल्या गायब! म्हणजे आठवण शाबूत, पण आठवणीतलीसुद्धा डावी बाजू हाताला लागत नाही. आपल्याकडचा असा पेशंट मनातल्या मनात मालवणहून वेंगुर्ल्याला निघाला तर समुद्र उजव्या हाताला, तो सांगेल, आणि परत यायला लागला की समुद्र डावीकडे जाणार, मग कदाचित फक्त डोंगर आणि काजूच्या बागा सांगेल.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो १९८८ चा प्रयोग. मार्शल आणि हॅलिगन यांनी निग्लेक्ट असलेल्या एका बाईंना घराची दोन चित्रं दाखवली, एका घराच्या डाव्या बाजूने आगीच्या ज्वाळा निघत होत्या. त्या म्हणाल्या दोन्ही सारखीच आहेत. पण यातल्या कुठल्या घरात राहाल असं विचारलं की बहुतेक वेळा न जळणारं घर निवडायच्या. म्हणजे डावीकडची माहिती मेंदूत पोचत असते, जाणिवेपर्यंत येत नाही एवढंच. म्हणूनच ती वर आणता येईल का हा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे.

तपासणी बहुतेक ठिकाणी अजून कागदावरच होते, रेघेचा मध्य दाखवा, पानभर पसरलेल्या ताऱ्यांवर खूण करा, घड्याळ काढा. चाचण्या चांगल्या आहेत पण कागद हलत नाही, शांत खोलीत टेबलावर असतो, आणि हुशार पेशंट हळूहळू जपून बघत पास होतो, तोच माणूस एसटी स्टँडवर गेला की डावीकडून येणाऱ्या माणसाला धडकतो. काहींना हाताच्या अंतरावरचं डावं दिसतं पण लांबचं नाही, काहींचं उलटं, हे टेबलावरच्या कागदाला कसं कळणार.

इथे एक्सटेंडेड रिॲलिटी, म्हणजे एक्सआर, कामाला येते. व्हीआरमध्ये हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बांधायचा जाड चष्म्यासारखा पडदा, घातला की पूर्ण आभासी जग दिसतं, एआरमध्ये आपलीच खोली दिसते आणि तिच्यात वरून गोष्टी टाकता येतात. काही हेडसेटमध्ये नजर टिपणारे कॅमेरे असतात, त्यामुळे पेशंटचा डोळा डावीकडे कुठपर्यंत गेला, किती उशिरा गेला, मान वळली की नाही, सगळं मोजलं जातं.

रस्ता ओलांडायचंच घ्या. आपल्याकडे पहिल्या अर्ध्या रस्त्यात गाड्या उजवीकडून येतात, त्या या पेशंटला दिसतात, तो निघतो, आणि मध्ये पोचल्यावर डावीकडून येणारा डंपर त्याच्या हिशोबातच नसतो. हायवेवर हा सराव कोणी करून घेणार नाही, पण आभासी रस्त्यावर शंभर वेळा चुकलं तरी कोणाला लागत नाही. सुरुवातीला एकच गाडी, सावकाश, डावीकडून हॉर्नचा आवाज, मग हॉर्न बंद, मग दोन गाड्या, अशी पायरी पायरीने अडचण वाढवत नेता येते. इस्रायलमध्ये २००५ च्या सुमारास असा रस्ता ओलांडण्याचा सराव करून पाहिला होता, तोही साध्या कॉम्प्युटर स्क्रीनवर.

जुन्या उपचारांनाही यात नवं रूप मिळतंय. १९९८ मध्ये रोसेटी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दृश्य १० अंश उजवीकडे सरकवणारा प्रिझमचा चष्मा घालून पेशंटने पन्नासेक वेळा समोरच्या खुणेकडे बोट दाखवलं तर हात स्वतःला सुधारून घेतो, आणि चष्मा काढल्यावर काही वेळ पेशंटचा कल डावीकडे राहतो. हेडसेटमध्ये काच न बदलता दृश्यच तेवढं फिरवता येतं. त्याच वर्षी अमेरिकेतून आलेली दीपस्तंभाची युक्तीही आहे, पेशंटला सांगायचं की तुम्ही दीपस्तंभ आहात, तुमचे डोळे म्हणजे तो झोत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. वेंगुर्ला किंवा रत्नागिरीच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगायचीही गरज नाही, आणि एआर चष्म्यात डावीकडच्या टोकाला एक झगझगीत खूण ठेवली की झोत कुठपर्यंत न्यायचा हे दिसतं.

आता एक गोष्ट अगदी मनापासून सांगते, लगेच ऑनलाइन हेडसेट मागवू नका. आतापर्यंतचे अभ्यास छोटे आहेत, काहींमध्ये तुलनेला दुसरा गटच नाही, आणि गेममधला स्कोअर वाढला म्हणजे माणूस स्वतःचं ताट नीट जेवायला लागला असं सिद्ध झालेलं नाही. प्रिझमसकट बाकीच्या उपचारांचाही पुरावा अजून कच्चाच आहे. शिवाय हेडसेटने चक्कर, मळमळ होऊ शकते, ज्यांना स्ट्रोकनंतर फिट आली असेल त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालूच नये, आणि सुरुवात नेहमी बसून, शेजारी माणूस ठेवून.

तरी मला यात कोकणासाठी आशा वाटते, कारण आपला मुख्य प्रश्न अंतराचा आहे. ऑक्युपेशनल थेरपिस्टसाठी, म्हणजे रोजची कामं परत करायला शिकवणाऱ्यासाठी, आंबोली नाहीतर फोंडा घाट चढून कोल्हापूर, किंवा गोव्यात बांबोळीचं मोठं हॉस्पिटल, ते आठवड्यातून तीनदा कोण करणार, घरातल्या एकाचा रोज बुडतो आणि गाडीभाडं वेगळं. हेडसेट घरी असेल आणि नजरेची नोंद थेरपिस्टला तिकडे बसून बघता येत असेल तर महिन्यातून एकदा गेलं तरी चालेल. पण मग त्यातलं जग आपलं पाहिजे. परदेशी प्रोग्रॅममध्ये असतं ते सुपरमार्केट आणि तिथला ट्रॅफिक, आपल्या आजीला पाहिजे मासळी बाजार, जिथे डावीकडच्या पाटीत बांगडे आहेत आणि उजवीकडे सौंदाळे, आणि सगळ्या पाट्या बघून झाल्याशिवाय भाव करायचा नाही. हे बनवायला कोकणातल्याच इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांनी आणि एखाद्या थेरपिस्टने एकत्र बसायला हवं.